बिल कमी करून देतो म्हणाला

भोसरीत माझं छोटं प्रेस शॉप आहे, सात कामगारांचं. दहाच्या आत, म्हणून ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही. त्यामुळे पॉवर प्रेसमध्ये कामावरच्या एका पोराची दोन बोटं चेचली तेव्हा, त्या वेळी लागू असलेल्या १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने उपचाराचा सगळा खर्च माझ्यावर आला. तो मला टाळायचा नव्हता, हे आधीच सांगतो. पण बिल आलं २,८६,४००! चार दिवसांत हातमोज्यांचे ४६ जोड. कुणीही तपासून घेतलंच असतं.

ओळखीतून एक ‘बिल ऑडिटवाला’ आला. १५,००० आधी, वाचतील त्याचे २५ टक्के नंतर. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, दुसऱ्यांच्या बाबतीत. शुक्रवारी संध्याकाळी त्याने ‘सुधारित फायनल बिल’ आणलं: १,९४,७५०. माझं ६०,००० डिपॉझिट वजा जाता १,३४,७५० त्याच्याच फर्मच्या खात्यात भरले, कारण म्हणे ‘हॉस्पिटलशी टायअप’. वर टक्केवारीचे २२,९१२.

त्या बिलावर डिस्चार्जची वेळ छापलेली होती: शनिवार, सकाळी ११. शुक्रवारचा दिवस अजून मावळायचा होता आणि पोरगा वॉर्डात सलाईन लावून पडलेला. मी ती ओळ वाचली. बोट ठेवून वाचली. चलनात एक नग कमी दिसला तर टेम्पो परत पाठवणारा मी, मनात म्हणालो, ‘कॉम्प्युटर आधीच टाकत असेल.’ तीन रात्री झोप नव्हती हो.

शनिवारी काउंटरवर उत्तर मिळालं, “बाकी २,२६,४००.” त्याने दिलेली पावती खोटी. माझे बुडाले १,७२,६६२.

चौकीत म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसून घेऊन गेला, चौकीत जा. अशा चार फेऱ्या. पाचव्या खेपेला एका साहेबांनी चहा पाजून सांगितलं, हा दिवाणी मामला, “तुम्ही स्वतःच दिलेत ना?” बँकेतही तेच ऐकलं, फक्त चहा नव्हता. विम्याच्या सर्व्हेअरला मूळ पावती हवी, आणि माझ्या पॉलिसीत उपचारखर्च २५,००० पर्यंतच, हे तेव्हा कळलं. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा.

पैसे हॉस्पिटलच्या काउंटरवर, हॉस्पिटलच्याच नावाने भरा. बाबवार बिल स्वतः मागा, हाडात काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकरही. आणि गेलेच पैसे, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी दोन दिवस त्याला शोधत फिरलो.

अजून एक. ‘पुढे काही मागणार नाही’ असं त्या ऑडिटवाल्याने पोराकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलं होतं. वकील म्हणाले, त्याच भरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो कागद रद्दी. स्टँपचे ५०० मीच दिले होते, ते वरच्या हिशेबात नाहीत. पोराने सही डाव्या हाताने केली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.