पुण्याजवळच्या एका ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करणाऱ्या) काकूंकडून लॅब्राडॉर कुत्री घेतली, त्याचा रिव्ह्यू

तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून लॅबचं पिल्लू आणलं होतं, दुकानाचं नाव घेत नाही. ३५ दिवसांचं होतं, आई कुठे आहे विचारलं तर "आई फार्मवर असते" एवढंच. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) निघाला. दोन रात्री सलाइन लावून बसलो पण गेलं. माझ्या मुलीने त्याची वाटी कितीतरी दिवस कुणाला हलवू दिली नाही.

म्हणून यावेळी नीट शोधलं. मुळशीकडे एक काकू आहेत, घरात तीनच माद्या, नाव टाकू नका म्हणाल्यात म्हणून टाकत नाही. पहिल्या फोनला त्यांनीच आमची उलटतपासणी घेतली, दिवसभर घरी कोण असतं, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा, आणि मुलगी कॉलेजला गेली की फिरवणार कोण, लॅब १०-१२ वर्षं जगते. मला आधी राग आला, खरं सांगते. मग पटलं.

७ महिने थांबलो. कारण मादीचं आदल्या हीटला (माजावर आली तेव्हा) वेत झालं होतं, आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे लागोपाठ दोन हीटला वेत घेता येत नाही. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय मेटिंग नाही, ८ वर्षांनंतर नाही, आयुष्यात जास्तीत जास्त ५ वेतं, आणि पिल्लू ८ आठवड्यांचं व्हायच्या आत विकायचं नाही. हे सगळं काकूंनी तोंडपाठ सांगितलं आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन न मागता समोर ठेवलं. आमच्या त्या दुकानदाराने ३५ दिवसांचं पिल्लू दिलं म्हणजे उघड कायदा मोडला होता, हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं.

आई बघितली, शेपटी हलवत पुढे आली, अंगाने भरलेली, आचळं सुकलेली नाहीत, कुठे खरूज नाही. काकूंनी दोन्ही आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून दाखवले, दोन वर्षांच्या झाल्यावर काढलेले. लॅबमध्ये हिप डिसप्लेजिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) आईबापांकडून येऊ शकतो आणि लहानपणी बघून काही कळत नाही, म्हणून हे बघाच. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीची गॅरंटी नव्हे.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती वही. ९ पिल्लं, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा, आणि जन्मल्यापासून रोजचं वजन. लाल दोरा तिसऱ्या दिवशी ३५० वरून ३३० ग्रॅमवर आला होता, पुढे पेनाने लिहिलंय, "रात्री २ ला बाटलीने दूध". पिल्लांच्या पेटीत आतून कडेकडेने पाइप लावलेला, आई आडवी झाली तर पिल्लू भिंतीशी चेपू नये म्हणून.

तक्रारी आहेत. काकू फोन उचलत नाहीत, मेसेजला रात्री ११ ला उत्तर. ४० हजार घेतले, बाजारात याहून स्वस्त मिळतं. आणि पिल्लू त्याच निवडून देतात. आम्हाला धसमुसळा काळा नर हवा होता, त्यांनी शांत पिवळी मादी दिली, म्हणाल्या तुमच्या मुलीला हीच बरी. मुलगी गाडीत रुसून बसली होती, घरी पोचेपर्यंत पिल्लू तिच्या मांडीवर झोपलं.

६० व्या दिवशी घरी आणली, मायक्रोचिप (कातडीखाली ओळखीची चिप) बसवलेली, दोन लसी झालेल्या, आणि सही घेतली की सांभाळता आली नाही तर परत काकूंकडेच, दुसऱ्याला द्यायची नाही. भावंडांत दोन महिने वाढल्यामुळे दात किती जोरात लावायचे हे तिला कळतं, पहिलं पिल्लू हात फोडायचं.

५ पैकी साडेचार. परवा काकूंचा फोन आला, वजन किती झालं. सांगितलं, तर म्हणाल्या थांबा, वही घेते.