गेरोलस्टाइनर मीडियम: टीडीएस बघणाऱ्यांनी जपून

जर्मनीत कोलोनला आल्यापासून आमच्याकडे गेरोलस्टाइनर मीडियम या गॅसवाल्या खनिज पाण्याचाच क्रेट येतो. नळाचं पाणी इथे बिनधास्त पिता येतं, तरी हे विकत आणते, कारण मला ते आवडतं. पण पुण्याच्या आरओवर वाढलेली जीभ असेल तर पहिला घोट तुम्हाला आवडणार नाही, हे आधीच सांगते.

आधी गॅस चावतो, मग किंचित खारट सोडा लागतो आणि शेवटी जिभेवर खडूसारखा कोरडेपणा राहतो. लेबल वाचलं की कारण कळतं. लिटरला कॅल्शियम ३४८ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १०८, सोडियम ११८ आणि बायकार्बोनेट तब्बल १८१६! सगळं मिळून जवळजवळ अडीच ग्रॅम. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची, कमाल मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम आहे, कॅल्शियमची २०० आणि मॅग्नेशियमची १००. म्हणजे आपल्या सोसायटीच्या टाकीत हे पाणी आलं असतं तर कमिटीची मीटिंग बसली असती. बाबा इथे आले तेव्हा त्यांनी बॅगेतून टीडीएस मोजायचं पेन काढून ग्लासात बुडवलंच. आकडा हजाराच्या वर गेलेला बघून म्हणाले, "अगं, हे तर बोअरचं पाणी!"

तसं ते खरंच आहे. गेरोलस्टाइन हे कोलोनहून ट्रियरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव, आयफेलच्या जुन्या ज्वालामुखींच्या मुलखातलं. खालून कार्बन डायऑक्साइड वर येतो, पाण्यात विरघळून ते आंबट करतो आणि ते पाणी डोलोमाइट खडक विरघळवत जातं. कॅल्शियम-मॅग्नेशियम येतं ते तिथून. कारखान्यात मोजून टाकलेलं नसतं. लोह तेवढं काढतात, नाहीतर हवा लागल्यावर पाणी तांबूस झालं असतं.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं; लिटरभर प्यायलात की त्याचा तिसरा हिस्सा इथेच मिळाला. दूध न पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र सोडियमचा आकडा बघावा.

थंडगार प्यावं. झाकण उघडं राहून गॅस गेला की मचूळ लागतं. लिंबू सरबताला चालतं, पण बायकार्बोनेट आंबटपणा मारतं, म्हणून लिंबू जास्त पिळावं लागतं. चहात घालू नका, आणि तुरीच्या डाळीला तर मुळीच नाही. शिट्ट्या मोजत बसाल. बिनगॅसचं हवं असेल तर त्यांचंच 'नातुरेल' घ्या. त्यात क्षार बरेच कमी, चव सौम्य. बाबांनी शेवटी तेच लावून धरलं.

बारा बाटल्यांच्या क्रेटवर ३.३० युरो अनामत भरावी लागते, ती रिकामा क्रेट नेऊन दिला की परत मिळते. लिफ्ट नसेल तर काचेच्या बाटल्यांच्या वाटेला जाऊ नका.