सराउंड साउंडसाठी कॉम्प्युटर की रिसीव्हर?

घरात कॉम्प्युटर आहेच, मग सराउंड साउंडसाठी, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजासाठी, रिसीव्हर (आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा वेगळा डबा) कशाला, असा प्रश्न पडतो. आधी स्पीकर बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. साधे, म्हणजे पॅसिव्ह स्पीकर असतील तर त्यांना अ‍ॅम्प्लिफायर लागतोच. तो रिसीव्हरमध्ये असतो, साउंड कार्डमध्ये नसतो. ५.१चे (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक) पॉवर्ड, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर असतील तर मदरबोर्डच्या तीन ३.५ मिमी जॅकवर काम भागतं, आणि खर्चात कॉम्प्युटर सरळ जिंकतो.

रोजच्या वापरात मात्र चित्र उलटतं. अपडेटनंतर आवाज अचानक स्टिरिओवर, म्हणजे दोनच स्पीकरवर येणं, पंख्याची घरघर, सिनेमासाठी माउस शोधणं हे घरातल्या इतरांना नको असतं. रिसीव्हर रिमोटवर चालतो. बऱ्याच मॉडेलमध्ये मायक्रोफोन लावून खोलीनुसार आवाज जुळवता येतो. कॉम्प्युटरवरही ते जमतं, पण खटपट आपली.

टिकण्याचं म्हणाल तर रिसीव्हरचा अ‍ॅम्प्लिफायर वर्षानुवर्षं चालतो, जुनं होतं ते एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी जोडणी.

दोन्ही जोडायचे तर एचडीएमआयनेच जोडा. ऑप्टिकल केबलमधून ५.१चा आवाज कॉम्प्रेस न करता (न दाबता) जात नाही.

एकटे, टेबलाशी बसून गेम खेळणाऱ्याला कॉम्प्युटर पुरे. दिवाणखान्यात सगळ्यांनी बघायचं असेल तर रिसीव्हरच घ्या.