पहिला पासपोर्ट: आपलं पोलीस व्हेरिफिकेशन आणि ब्रिटनची मुलाखत

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या बऱ्याच मराठी माणसांनी दोन्ही अनुभवलंय. इकडे पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी काउंटर पार पडले, तरी पोलिसांची तपासणी बाकी असते. हवालदार दारात उभा राहून पत्ता ताडतो, झेरॉक्स मागतो, ओळखीच्या दोघांची नावं विचारतो. शेजारच्या काकू "हो, इथंच राहतात" म्हणाल्या की जीव भांड्यात पडतो. पण दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या पोरांनी अशा काकू आणायच्या कुठून?

ब्रिटनने २००७ पासून प्रौढांच्या पहिल्या पासपोर्टसाठी मुलाखत सुरू केली. तिथे तुमचे साक्षीदार तुम्हीच. आधीचे पत्ते, आई-वडिलांची माहिती, बँकेचे व्यवहार असं विचारतात आणि नोंदींशी जुळवून बघतात. ही नागरिकत्वाची परीक्षा नव्हे, त्यामुळे घोकंपट्टी नको. सगळ्यांना बोलावतातच असंही नाही.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी मला मुलाखतच न्याय्य वाटते. माणूस पत्त्यावरून नाही, स्वतःच्या आयुष्यावरून ओळखला जातो. मात्र तारखा न आठवणाऱ्या म्हाताऱ्या आईसाठी मी शेजारच्या काकूंचीच साक्ष मागेन.