अँकी : चोपन्नाव्या वर्षी जर्मन शिकताना दोन वर्षे वापरलेले साधन

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी जर्मन शिकू लागले, त्याचे कारण घरगुती आहे. मुलीचे सासर फ्रायबुर्गला आहे, तिच्या सासूबाईंना इंग्रजी जुजबीच येते, आणि विहीणबाईंशी प्रत्येक वेळी मुलीला मध्ये घालून बोलणे मला नकोसे वाटत होते. आठवड्यातून दोनदा भरणारा वर्ग लावला. शिकवलेले समजत असे, शंका राहत नसत. मात्र चार दिवसांनी त्यातले निम्मे शब्द ऐनवेळी आठवत नसत. या एका अडचणीवर उपाय म्हणून मी अँकी वापरू लागले.

अँकी म्हणजे संगणकावर किंवा फोनवर चालणारी प्रश्नोत्तरांची कार्डे. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये ते प्रथम उपलब्ध करून दिले. हा मूळ जपानी शब्द असून त्याचा अर्थ पाठांतर असा आहे. कार्डावरचा प्रश्न वाचायचा, उत्तर मनात आणायचे, मग मागची बाजू उघडायची आणि 'पुन्हा', 'कठीण', 'ठीक' व 'सोपे' या अर्थाच्या चार बटणांपैकी एक दाबायचे. त्यावरून ते कार्ड पुढे केव्हा दाखवायचे हे ठरते: काही मिनिटांनी, काही दिवसांनी, महिन्याने किंवा वर्षाने. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला व 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला. विसर पडण्याच्या बेतात असतानाच उजळणी करावी, ही या साधनामागची कल्पना त्याच परंपरेतली आहे. अंतर मोजण्याची जुनी पद्धत पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी 1987 मध्ये केलेल्या कामावर आधारलेली होती. 2023 पासून अँकीत एफएसआरएस नावाची नवी पद्धतही निवडता येते. तिच्यात उजळणीच्या वेळी उत्तर आठवण्याची शक्यता किती असावी हे आपण सांगू शकतो. ती मुळात 90 टक्क्यांवर ठेवलेली असते आणि मी ती बदललेली नाही.

हे सारे गणित आपण कोणते बटण दाबतो यावर अवलंबून आहे, आणि प्रौढ माणसाची खरी परीक्षा तिथे होते. ज्याने तीस वर्षे आपले काम चोख केले आहे, त्याला रोज सकाळी पंधरा वेळा 'पुन्हा' दाबणे जड जाते. सुरुवातीचे काही महिने, उत्तर अर्धेमुर्धे आठवले तरी मी 'ठीक' दाबत असे. त्यामुळे नेमके कच्चे शब्द दूरच्या तारखांना जात आणि बोलताना दगा देत. 'पुन्हा' हा नापासाचा शेरा नसून 'हे मला उद्याही दाखव' एवढीच ती सूचना आहे, हे मनाला पटले तेव्हापासून माझी प्रगती स्थिर झाली. एखादे कार्ड आठ वेळा चुकले की अँकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करते. तेच कार्ड नेटाने घोटत बसण्यापेक्षा ते मोडून नव्या वाक्यात लिहावे, हा माझा अनुभव आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कार्डे आपली आपण करावीत, आणि त्यांवरचा प्रश्न मराठीत असावा. जर्मनचे तयार संच विनामूल्य मिळतात, पण त्यांतले बहुतेक इंग्रजीतून केलेले आहेत. मराठी माणसाचा यात मोठा तोटा होतो. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. तो, ती, ते या धर्तीवर डेअर, डी, दास. नपुंसकलिंग म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. घर, पुस्तक आणि पाणी हे तिन्ही शब्द मराठीप्रमाणे जर्मनमध्येही नपुंसकलिंगी आहेत. म्हणून त्यांच्यासाठी मी एकेकच साधे कार्ड केले. जिथे दोन भाषा वेगळ्या वाटेने जातात, तिथे मात्र मी जास्त कार्डे केली: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी, आपली खुर्ची स्त्रीलिंगी, त्यांची पुल्लिंगी. 'मला हे पुस्तक आवडते' या वाक्यात पुस्तक कर्ता आणि आवडणाऱ्या माणसाला 'ला' प्रत्यय, ही रचना जर्मनच्या 'मीर गेफेल्ट दास बूख' या वाक्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळते. इंग्रजीच्या वळशाने गेल्यास ही जवळीक हातची जाते.

सुटा शब्द कार्डावर लिहिण्यात फारसा अर्थ नाही, कारण 'वार्टन' म्हणजे वाट पाहणे एवढे पाठ करून बसची वाट पाहता येत नाही; त्यासाठी 'आउफ' हे अव्यय आणि त्यापुढची द्वितीया लागते. म्हणून मी पूर्ण वाक्य लिहून त्यातला 'आउफ' गाळते आणि रिकामी जागा भरायला ठेवते. अँकीत यासाठी तयार नमुना आहे.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. 'शोन' म्हणजे आधीच, आणि 'श्योन' म्हणजे सुंदर. या दुसऱ्या शब्दातल्या स्वरासाठी आपल्याकडे अक्षरच नाही. कार्डाला ध्वनिमुद्रण जोडता येते, आणि मी वर्गातल्या बाईंच्या परवानगीने त्यांच्या आवाजात वाक्ये मुद्रित केली आहेत.

या साधनाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. अँकी व्याकरण शिकवत नाही, संभाषण घडवत नाही आणि बोलण्याचा संकोच घालवत नाही; वर्ग किंवा बोलायला माणूस नसेल तर केवळ कार्डांवर भाषा येणार नाही. मांडणी रूक्ष आहे आणि सेटिंग समजून घ्यायला एखादा रविवार द्यावा लागतो. दिवसाला 20 नवी कार्डे ही मुळातली मर्यादा नोकरी-घर सांभाळणाऱ्याने लगेच कमी करावी, कारण ती पाळल्यास पुढे रोजची उजळणी सुमारे 200 कार्डांवर जाते. मी 8 ठेवली आहेत. सकाळच्या चहाबरोबर वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. गणपतीच्या दिवसांत खंड पडला आणि कार्डे साचली, तेव्हा नवी कार्डे बंद ठेवून आठवडाभरात सगळी उजळणी पुरी केली. संगणकावरचे अँकी आणि अँड्रॉइडवरचे अँकीड्रॉइड विनामूल्य आहे. आयफोनसाठीची आवृत्ती एकदाच पैसे देऊन घ्यावी लागते.

गेल्या हिवाळ्यात फोनवर बोलताना मी विहीणबाईंना 'इश बिन काल्ट', म्हणजे शब्दशः 'मी थंड आहे', असे म्हणाले. त्यांनी हळूच दुरुस्त केले, 'मीर इस्ट काल्ट', आणि त्या क्षणी लक्षात आले की मी इंग्रजीतून विचार केला होता. 'मला थंडी वाजते' यातला 'मला' धरला असता तर चूक झालीच नसती. त्या रात्री ते वाक्य कार्डावर लिहिले, समोरच्या बाजूस मराठीत. आता त्यांच्याशी बोलताना वही जवळ असते, आणि माझ्या नव्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्याच वाक्यांची असतात.