पट्टी पार्कमध्ये बघायची की न्यूट्रलमध्ये? जुनी जीएमसी आणि डॉज चेसिसचं विनेबागो, गिअरबॉक्सच्या तेलाच्या बाजूनं

अमेरिकेत इथल्या महाराष्ट्र मंडळातला माझा एक मित्र निवृत्तीनंतर जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यायचं म्हणतोय. दोन गाड्या त्यानं हेरून ठेवल्यात. एक १९७६ ची जनरल मोटर्सची २६ फुटी जीएमसी, दुसरं त्याच सुमाराचं डॉजच्या चेसिसवरचं विनेबागो. त्यानं मला पडद्यांचे, गाद्यांचे, फ्रिजचे आणि अगदी संडासाचेसुद्धा फोटो पाठवले. मी म्हटलं, ‘गिअरबॉक्सच्या डिपस्टिकचा फोटो कुठाय?’ तर म्हणे, ‘तो कशाला?’

त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. पन्नास वर्षांच्या गाडीत गाद्या बदलता येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र उघडावा लागला की गाडीच्या किमतीचं गणितच बदलतं. आणि तो उघडावा लागणार आहे का, याचा पहिला अंदाज तेलाची लेव्हल दाखवणाऱ्या त्या लांबलचक पट्टीवरच, म्हणजे डिपस्टिकवरच, मिळतो. अट एकच, ती योग्य वेळी, योग्य अवस्थेत बाहेर काढायला हवी. नेमकी ती अवस्था या दोन गाड्यांत वेगळी आहे.

जीएमसी मोटरहोम १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत बनली, सगळ्या मिळून १३,००० च्या आतच. तिला पुढची चाकं ओढतात. गिअरबॉक्स टर्बो-हायड्रामॅटिक ४२५, म्हणजे १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडोबरोबर आलेला. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरांकडे नेणारा भाग) इंजिनाच्या मागे, गिअर इंजिनाच्या कडेला आणि दोघांना जोडणारी एक रुंद साखळी. त्यामुळे गाडीखालून मागे जाणारा शाफ्टच नाही आणि गाडीतली जमीन इतकी खाली की आजीसुद्धा सहज चढेल. विनेबागोचा कारभार सरळ आहे: पुढे डॉजची मालक कंपनी क्रायस्लरचं व्ही-८ इंजिन, त्यामागे टॉर्कफ्लाइट ७२७, त्यामागे शाफ्ट, मागची चाकं. हा ७२७ १९६२ पासून क्रायस्लरच्या गाड्यांत, ट्रकांत आणि पुढे जीपमध्येही बसला. त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. ४२५ मुख्यतः टोरोनॅडो, कॅडिलॅक एल्डोराडो आणि या मोटरहोमपुरताच राहिला. आतले बरेच भाग जनरल मोटर्सच्याच टर्बो-हायड्रामॅटिक ४०० शी जुळतात, पण साखळी आणि तिच्याभोवतीचं सगळं त्याचं एकट्याचं. तो खोलून नीट जोडणारा माणूस आधी शोधावा लागतो.

आता तेल बघण्याकडे येऊ.

जीएमसीची रीत बहुतेकांना माहीत असलेलीच आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा सावकाश फिरवून पार्कमध्ये आणायचा, इंजिन आयडलवर चालू ठेवायचं आणि पट्टी काढायची.

विनेबागोत सगळं तसंच, फक्त शेवटी पार्क नाही, न्यूट्रल. ७२७ मध्ये पार्क लावलं की कन्व्हर्टरकडे जाणारा तेलाचा रस्ता बंद होतो. कन्व्हर्टर हळूहळू रिकामा व्हायला लागतो आणि ते तेल खाली पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या परातीत, उतरतं. मग पट्टी दाखवते लेव्हल पूर्ण, आणि प्रत्यक्षात तेल कमी. जीएमसीची सवय असलेला माणूस विनेबागो बघायला गेला तर इथेच फसतो. विकणाऱ्यानं फसवायची गरजच नसते.

न्यूट्रलमध्ये चालू इंजिन म्हणजे गाडी फक्त ब्रेकवर उभी, हेही डोक्यात ठेवा. डॉजच्या काही जड मोटरहोम चेसिसवर पार्कच नसतो. हँडब्रेक चाकांवर न बसता गिअरबॉक्सच्या शेपटीला, शाफ्टवर बसतो. तो ओढलेला असताना मागचं एक चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शिअलमधून ते मोकळं फिरतं आणि ब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून विनेबागोत पट्टी बघण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. घाई असली तरी.

गाडी किती गरम हवी, हा प्रश्न दोघांनाही सारखाच. अंगणात पंधरा मिनिटं चालू ठेवून इंजिन तापतं, गिअरबॉक्स नाही. तेल ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास जायला साधारण २०-२५ किलोमीटर चालवावीच लागते. साधी खूण अशी: पट्टीचं टोक बोटांत धरवत नाही इतकं तापलं की वाचन खरं. गार गाडीत तेल ‘अ‍ॅड’च्या खुणेखाली साधारण पाव इंच दिसणं हे बरोबरच असतं. ते बघून घाबरून ‘फुल’पर्यंत भरलं की गरम झाल्यावर तेल खुणेच्या कितीतरी वर जातं. उलटही आहे: भर उन्हात घाटाचा रस्ता चढून किंवा मागे गाडी ओढून आला असाल तर तेल प्रमाणाबाहेर फुगलेलं असतं. अर्धा तास थांबा, मग बघा.

‘अ‍ॅड’पासून ‘फुल’पर्यंतचं अंतर दोन्ही पट्ट्यांवर एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. त्यामुळे लेव्हल बसवायची ती एका वेळी पाव लिटरनं, लांब नळीच्या नरसाळ्यातून. ओतल्यावर लगेच पट्टी घालू नका. नळीच्या आतल्या भिंतीला तेल चिकटलेलं असतं, ते पट्टीला फासलं जातं आणि लेव्हल जास्त वाटते. काही मिनिटं थांबून, पट्टीच्या दोन्ही बाजू बघून, जी बाजू कमी दाखवेल ती धरायची. पुसायला धागे सुटणारं जुनं बनियन नको. आतल्या व्हॉल्व्हना एवढासा धागासुद्धा पुरतो. जास्त झालंच तर हातपंपाची बारीक नळी त्याच भोकातून घालून उपसून काढा. ‘थोडं जास्त बरं’ हे इंजिन ऑइलच्या बाबतीत कुणी म्हणेल, पण इथे नाही. तेल गिअरांपर्यंत चढलं की ते रवीनं ताक घुसळावं तसं घुसळतात, फेस येतो, फेसानं दाब बसत नाही आणि क्लच घसरायला लागतात. गंमत म्हणजे तेल कमी असलं तरी पंप हवा ओढतो आणि पट्टीवर तसेच बुडबुडे दिसतात. नुसते बुडबुडे बघून कमी की जास्त हे ठरवता येत नाही.

जीएमसीची एक खास भानगड आहे. ती मागे हवेच्या फुग्यांवर उभी असते. मागची बाजू वर-खाली करता येते, डावी-उजवी वेगवेगळीसुद्धा. कॅम्पग्राउंडवर गाडी समतोल करायला हे फार छान, पण तेल बघताना हाच घोळ. फुग्यातली हवा रात्रभरात थोडी गेली की गाडीचं बूड बसतं, पट्टीवरचं तेल सरकतं आणि माणूस उगाच ओतत बसतो. आधी गाडी नेहमीच्या चालण्याच्या उंचीवर आणायची, मग पट्टी. विनेबागो स्प्रिंगांवर उभं असतं. तिथे फक्त जागा सपाट शोधली की झालं.

दुसरी गल्लत फायनल ड्राइव्हची, म्हणजे चाकांना जोर देणाऱ्या शेवटच्या गिअरांची. जीएमसीत तो गिअरबॉक्सलाच बोल्टनं जोडलेला असतो, पण त्याचं तेल वेगळं, जाड गिअर ऑइल, आणि लेव्हल बघायचा प्लगही वेगळा. गिअरबॉक्सची पट्टी बरोबर म्हणून तोही भरलेला असेलच असं समजू नका.

तेल कमी होतंय आणि खाली थेंब नाही, तर जीएमसीत माझा पहिला संशय व्हॅक्यूम मॉड्युलेटरवर. हे डबीएवढं यंत्र इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअर बदलण्याचा जोर ठरवतं. आतला पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल नळीतून चक्क पिऊन टाकतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. ‘तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. व्हॅक्यूमची रबरी नळी ओढून बघा, आतून लाल तेलानं ओली निघाली तर निदान झालं. मॉड्युलेटर बदलणं मोठ्या खर्चाचं काम नाही, पण गाडी विकणाऱ्यानं ‘इंजिन थोडं धूर काढतं’ म्हणून किंमत उतरवली असेल तर तुमची चांदी.

विनेबागोत हा मॉड्युलेटर नाही. तिथे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी लिंकेज जातं. ते चुकीचं बसलं असेल तर गिअर उशिरा किंवा मऊ पडतात आणि लोक तेलाला दोष देतात. आधी लेव्हल बघा, मग लिंकेज, या क्रमानं.

पण ७२७ ची खरी खोड वेगळीच. महिनाभर उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल पॅनमध्ये उतरतं. पॅन गरजेपेक्षा जास्त भरतो आणि लिव्हरच्या शाफ्टच्या जुन्या सीलमधून ठिबकायला लागतो. सकाळी चालू करून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर काही सेकंद गाडी हलतच नाही. इंजिन बंद असताना पट्टी काढली तर तेल ‘फुल’च्या खूप वर दिसतं, आणि ते बघून एखादा उपसायला बसतो. असं करू नका. न्यूट्रलमध्ये अर्धा मिनिट चालू ठेवा, कन्व्हर्टर भरतो, मग निघा. वर्षातून दोनदाच निघणारी गाडी असेल तर हा त्रास कायमचा आहे, हे धरून चाला.

तेल बदलायचं म्हटलं तर डॉज पुढे. जुन्या ७२७ च्या अनेक कन्व्हर्टरना खाली ड्रेन प्लग असतो, त्यामुळे जवळजवळ सगळं तेल काढता येतं. जीएमसीत पॅन उतरवून निम्म्याहून कमीच निघतं, उरलेलं जुनं नव्यात मिसळतं. दोन्हींना आज डेक्सरॉन-थ्रीच्या मापाचं साधं तेल चालतं. फोर्डचं टाइप एफ मात्र यात घालू नका, त्याच्या घर्षणाचा स्वभाव वेगळा.

रंगाबद्दल एकच सांगतो. लाल म्हणजे ठीक. तपकिरी आणि वास करपलेल्या फोडणीचा, तर क्लच जळालेत, किंमत त्या हिशेबानं बोला. आणि सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी गिअरबॉक्समध्ये गेलंय. मग गाडी कितीही सुंदर असो, नमस्कार करून निघायचं.

मित्रानं शेवटी विचारलंच, ‘तू कुठली घेशील?’ तो राहतो तिथून जवळचा चांगला ट्रान्समिशनवाला दोन तासांवर आहे, आणि तोही ट्रकांवर काम करणारा. म्हणून त्याला मी विनेबागो सांगितलं: भाग मिळतात, कुणीही खोलतो, आणि पार्क-न्यूट्रलचं एकदा लक्षात राहिलं की झालं. मी स्वतः जीएमसी घेईन. तिची पट्टी सरळ वागते, महिनाभर उभी राहून तेवढा तमाशा करत नाही, आणि गाडी खालून बघायला मला आवडतं. पण ती खोलायची वेळ आली तर कोणाकडे न्यायची हे आधी ठरवूनच.

बघायला जाताना गाडी गार असतानाच पोहोचायचं आणि विकणाऱ्याला आधीच बजावायचं की आमच्यासमोरच चालू करा. खाली पुठ्ठा सरकवून थेंब कुठून पडतात ते बघायचं, मग २५ किलोमीटरची चक्कर, मग पट्टी. शनिवारी आम्ही दोघं दोन्हीकडे जातोय. तो गाद्या बघणार. मी गाडीखाली झोपायला जुनी सतरंजी आणि चार लाकडी ठोकळे डिकीत टाकून ठेवलेत.