अराकूची कॉफी: बिनदुधाची पिणार असाल तरच घ्या

आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने ही कॉफी पिकवते. निव्वळ अरेबिका ही कॉफीची जात; चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या भुकटीचा, कणही नाही. 2017 पासून पॅरिसमध्ये तिचं दुकान आहे आणि अराकूच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नेहमीच्या फिल्टर पावडरीपेक्षा बरीच महाग पडते. पैसे कशाचे, ते मळ्यात कळतं.

अरेबिकाला 15 ते 24 अंश तापमान मानवतं. इथले मळे साधारण 900 ते 1,100 मीटरवर, म्हणजे अरेबिकासाठी फार उंचावर नाहीत, त्यामुळे पारा चढला की सावलीशिवाय गत्यंतर नाही. सिल्व्हर ओकसारख्या उंच झाडांखाली कॉफी आणि त्याच खोडांवर मिरीचे वेल. कॉफी दगा देते त्या वर्षी मिरी हात देते. सावली तोडली की पांढरा खोडकिडा आलाच. उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीत मादी अंडी घालते, अळी आतून पोखरते, मग झाड उपटून जाळावं लागतं. सावली फार दाट झाली तरी पंचाईत: फुलं कमी, पानांवरचा तांबेरा रोग जास्त. म्हणून फांद्यांची छाटणी दरवर्षीची.

मार्च-एप्रिलच्या सरी मागेपुढे झाल्या की बहर तुकड्यातुकड्यांनी येतो आणि एकाच झाडावर हिरवी, पिवळी, लाल फळं दिसतात. तीन-चार फेऱ्यांत फक्त लाल फळ तोडायचं, ही मजुरी किमतीत दिसते. कच्चं फळ मिसळलं तर कपात तुरटपणा येतो. गर त्याच दिवशी काढला नाही तर आंबूस वास बसतो, आणि वाळवताना थर जाड राहिला तर बुरशी. बियांतला ओलावा 10-11 टक्क्यांवर आला की मगच पोती भरायची.

चव स्वच्छ, फळासारखी आंबटसर, अंगाने हलकी. 15 ग्रॅम कॉफी जाड रव्याइतकी दळा. 240 मिली पाणी उकळून मिनिटभर थांबवून ओता. फ्रेंच प्रेसमध्ये (दाबायची जाळी असलेल्या कॉफीच्या भांड्यात) चार मिनिटं ठेवा. दळण बारीक झालं तर कडू, पाणी कोमट असलं तर नुसतं आंबट. जायफळ घातलेल्या आपल्या दुधाळ कॉफीत मात्र ती पार बुडते. तिथे चिकोरीची स्वस्त पावडरच शोभते.

घ्यायच्या तर अख्ख्या बिया, आणि भाजल्याची तारीख महिन्याच्या आतली.